क्रुसेडची कारणं शोधायची तर चौथ्या क्रुसेडचा करारनामा वाचावा

दप्तरदार

क्रुसेडचा, म्हणजे पोपच्या हाकेवरून जेरुसलेम घ्यायला निघालेल्या ख्रिस्ती मोहिमांचा, विषय निघाला की चर्चा पोप अर्बनच्या भाषणापासून सुरू होते आणि सलाउद्दीनपाशी संपते. १०९५ ला फ्रान्समधल्या क्लेरमाँच्या परिषदेत पोपची हाक, १०९९ ला जेरुसलेम ख्रिस्ती फौजांच्या हाती, ११८७ ला ते सुलतान सलाउद्दीनकडे. या तारखांमधून कळतात ती बहुतेक व्यासपीठावरून सांगितलेली कारणं. चौथ्या क्रुसेडचं (१२०२–१२०४) तसं नाही. इजिप्तवर चाल करायला निघालेली फौज ख्रिस्ती जगातलं सगळ्यांत मोठं शहर, कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल, तेव्हा ग्रीक ख्रिस्ती बायझंटाइन साम्राज्याची राजधानी), लुटून तिथेच थांबली. ती तिथवर कशी पोचली याचा आकड्यांसकट हिशेब शिल्लक आहे. हा चर्चेचा धागा त्या हिशेबासाठी.

एप्रिल १२०१ मध्ये व्हेनिसमध्ये करार झाला. एका बाजूला फ्रेंच सरदारांचे सहा वकील, त्यांत शाँपेनचा मार्शल जॉफ्रुआ द व्हिलार्दुअँ. दुसऱ्या बाजूला व्हेनिसचा डोज (प्रमुख) एन्रिको दान्दोलो, अतिशय वृद्ध आणि दृष्टी गेलेला. न्यायचे होते ४,५०० नाइट (चिलखती घोडेस्वार), त्यांचे ४,५०० घोडे, ९,००० स्क्वायर (नाइटांचे मदतनीस) आणि २०,००० पायदळ. दर घोड्यामागे ४ मार्क, माणसामागे २ मार्क.

घोडे: ४,५०० × ४ = १८,०००
माणसं: ३३,५०० × २ = ६७,०००
एकूण: ८५,००० मार्क

इथला मार्क हे नाणं नव्हे, वजन आहे. कोलोनचा मार्क साधारण २३४ ग्रॅम चांदीचा, म्हणजे सगळी रक्कम जवळपास २० टन चांदी. हप्ते असे: ऑगस्ट १२०१ ला १५,०००, नोव्हेंबरला १०,०००, फेब्रुवारी १२०२ ला १०,००० आणि एप्रिलअखेर उरलेले ५०,०००. त्यात नऊ महिन्यांची शिधासामग्री आणि २९ जून १२०२ पासून एक वर्ष जहाजं. याशिवाय व्हेनिस स्वतःच्या खर्चाने ५० सशस्त्र गॅली (वल्ह्यांची युद्धनौका) आणणार होतं, जिंकलेल्यातल्या निम्म्या वाट्यावर.

दर अवाजवी नव्हता. चूक माणसांच्या आकड्यात होती. वकिलांनी सह्या केल्या ३३,५०० माणसांच्या वतीने, पण त्यातल्या बऱ्याच जणांनी तोवर क्रूस घेतलाच नव्हता, म्हणजे मोहिमेवर जायचा नवस केलाच नव्हता. ज्यांनी घेतला होता त्यांचा नवस जेरुसलेमला जाण्याचा होता, व्हेनिसहून जाण्याचा नव्हता. फ्लँडर्सचं एक आरमार परस्पर समुद्रमार्गे निघालं, काही जण मार्सेहून गेले, काही दक्षिण इटलीतल्या आपुलियाहून. त्यांना कोणी अडवू शकत नव्हतं, कारण करारावर त्यांची सही नव्हती. त्यातच ज्याच्या शब्दावर माणसं जमली असती तो शाँपेनचा काउंट तिबो मे १२०१ मध्ये वारला, आणि माँफेराचा बोनिफाचे नेता झाला.

१२०२ च्या उन्हाळ्यात व्हेनिसजवळच्या लिदो बेटावर जेमतेम ११–१२ हजार माणसं जमली. ठरलेल्याच्या एक तृतीयांश. सरदारांनी सोन्या-चांदीची भांडी वितळायला दिली, उसनवारी केली, तरी ३४,००० मार्क कमी पडले. पुढच्या सगळ्या गोष्टी, झारा या बंदरावरचा हल्ला आणि कॉन्स्टँटिनोपलची लूटसुद्धा, या ३४,००० च्या मागोमाग आल्या असं माझं मत आहे.

तळटीप

हिशेब उत्तम मांडलाय. पण "कारण पैसा" असं कोणी यातून वाचू नये म्हणून दुसरी बाजू लिहितो.

याच हिशेबात एक उलटा पुरावा आहे. आलेल्या माणसांच्या वाट्याचं भाडं ठरल्या दराने ३० हजार मार्कांच्या आत-बाहेर होतं. भरणा झाला ५१,००० चा. न आलेल्यांचं भाडं आलेल्यांनी भरलं. ज्याला फक्त लूट हवी असते तो या टप्प्यावर घरी जातो. काही जण खरोखर गेले. पण बरेच राहिले आणि स्वतःची भांडी विकून राहिले.

पहिल्या क्रुसेडपासून हेच दिसतं. नॉर्मंडीचा ड्यूक रॉबर्ट १०९६ मध्ये निघाला तेव्हा त्याने अख्खी डची (ड्यूकचा मुलूख) भावाकडे, इंग्लंडच्या राजाकडे, १०,००० मार्कांना गहाण टाकली. त्याच मोहिमेचा एक नेता गॉडफ्री याने बुयाँचा किल्ला लीएजच्या बिशपकडे गहाण ठेवला. एका नाइटला जायला वर्षाच्या उत्पन्नाच्या चौपट-पाचपट खर्च येई असा अभ्यासकांचा अंदाज आहे. "धाकट्या मुलांना जमीन मिळत नव्हती म्हणून ते पूर्वेला गेले" ही समजूत शाळेच्या पुस्तकांतून आपल्यापर्यंत पोचली. ती टिकत नाही. वाड्याचा वारस, थोरला मुलगा, बाप, सगळेच गेले आणि जेरुसलेम पडल्यावर वाचलेले बहुतेक परत फिरले. १०९९ नंतर गॉडफ्रीजवळ जेरुसलेममध्ये उरले ते ३०० च्या आसपास नाइट. जमिनीसाठी आलेली माणसं जमीन मिळाल्यावर अशी निघून जात नाहीत.

ते स्वतःला काय म्हणत हेही पाहायला हवं. "क्रुसेड" हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. ते म्हणत "यात्रा", "वाट", आणि स्वतःला "यात्रेकरू". मराठीत आपण "धर्मयुद्ध" म्हणतो तेव्हा घोटाळा होतो, कारण आपल्याकडे धर्मयुद्ध म्हणजे नियम पाळून लढलेलं युद्ध. सूर्यास्तानंतर शस्त्र न उचलणारं. इथे अर्थ वेगळा आहे. क्लेरमाँच्या परिषदेचा ठराव सांगतो की जो मानासाठी किंवा पैशासाठी नव्हे, केवळ भक्तीने जेरुसलेमला जाईल, त्याचा प्रवास संपूर्ण प्रायश्चित्त म्हणून धरला जाईल. हत्यार घेऊन केलेली प्रायश्चित्ताची यात्रा, ही खरी नवी कल्पना होती. तोवर लढाईत माणूस मारणं हे प्रायश्चित्त घ्यायला लावणारं कृत्य होतं. १०९५ नंतर तेच प्रायश्चित्त झालं.

आणि या कल्पनेचे पहिले बळी जेरुसलेमपासून खूप दूर होते. मे १०९६ मध्ये ऱ्हाइनकाठच्या वर्म्स आणि माइन्झमध्ये ज्यूंची कत्तल झाली. श्पायरमध्ये बिशपने आसरा दिल्यामुळे बरेच वाचले. पोपने असं काही सांगितलं नव्हतं. पण "ख्रिस्ताच्या शत्रूचा सूड" हे शब्द एकदा गावोगाव फिरले की शत्रू कोण हे ऐकणाराच ठरवतो.

डोलकाठी

व्हेनिसच्या बाजूने बघितलं तर ३४,००० मार्क सोडून देणं शक्यच नव्हतं. त्यांनी नुसती जहाजं भाड्याने दिली नव्हती. वर्षभर स्वतःचा परदेशी व्यापार थांबवून सगळी गोदी या एका कामाला लावली होती. चलनातही त्याचा माग दिसतो. दान्दोलोच्या काळातच व्हेनिसने ग्रोसो हे २.१८ ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध चांदीचं नाणं पाडायला घेतलं. सुतार-खलाशांचे पगार द्यायला चिल्लर पेनी पुरी पडत नव्हती. माणसंही कमी होती. एका वृत्तान्तानुसार व्हेनिसकरांनी मेणाच्या गोळ्यांत चिठ्ठ्या घालून सोडत काढली, दोघांतल्या एकाला जावं लागलं.

आता घोड्यांबद्दल, कारण खर्चाचं आणि वेळेचं गणित घोड्यांनी ठरवलं.

घोडे न्यायला वेगळी जहाजं लागत. मागच्या बाजूला, पाण्याच्या रेषेजवळ मोठं दार. घोडे आत चढवले की दार बंद करून फटींत बोळे आणि डांबर ठासून पिंपासारखं बुजवत, कारण भर समुद्रात ते दार पाण्याखाली जाई. आत घोडा मोकळा उभा करत नाहीत. पोटाखालून रुंद पट्टा घेऊन तो वरच्या तुळईला बांधतात, म्हणजे जहाज कललं तरी घोडा पडत नाही आणि पाय मोडत नाही. किनाऱ्याला लागलं की जहाज मागच्या बाजूने वाळूवर टेकवायचं, दार उघडून फळी टाकायची. नाइट आतच खोगिरावर बसून, भाला घेऊन बाहेर पडे. जुलै १२०३ मध्ये बॉस्फरसची सामुद्रधुनी ओलांडून कॉन्स्टँटिनोपलसमोरच्या गलाताच्या किनाऱ्यावर ते असेच उतरले, आणि समोरची बायझंटाइन फौज पहिल्या धडकेतच हटली.

बिघडतं कुठे? पाण्यात. उन्हाळ्यात घोड्याला दिवसाला ३० लिटर पाणी सहज लागतं. ४,५०० घोड्यांना दिवसाला १ लाख ३५ हजार लिटर. एवढं पाणी जहाजात साठवता येत नाही, म्हणून दर काही दिवसांनी किनाऱ्याला लागून पाणी भरावंच लागतं. वल्हेकऱ्यांचंही तेच, एका गॅलीवर शंभराहून अधिक माणसं घाम गाळत असतात. म्हणजे हे आरमार मैत्रीच्या किंवा जिंकलेल्या बंदरांच्या साखळीवरच चालतं. एड्रियाटिकच्या पूर्व किनाऱ्यावरचं झारा व्हेनिसला का हवं होतं, ते इथे कळतं. व्हेनिसहून निघालेलं प्रत्येक जहाज त्याच बाजूने खाली उतरतं, कारण बेटं आणि आडोसे त्या बाजूला आहेत.

दुसरी गोष्ट हंगामाची. भूमध्य समुद्रात मोठा ताफा वसंतापासून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंतच हाकता येई. करार जूनअखेर निघण्याचा होता. पैशाच्या वादात पूर्ण उन्हाळा लिदोवर गेला आणि ताफा हलला ऑक्टोबर १२०२ मध्ये. त्या महिन्यात निघून इजिप्तला पोचणं शक्य नव्हतं. कुठेतरी हिवाळा काढायलाच हवा होता. आणि जहाजांचं वर्ष तर जून १२०२ पासून मोजलं जात होतं.

नवा वाचक

सुंदर माहिती. दोन शंका. एक, झाराही ख्रिस्तीच होतं ना? दोन, पोप काय करत होता?

दप्तरदार

हो, झारा ख्रिस्ती, तेही कॅथलिक. आणि त्याचा धनी हंगेरीचा राजा एमेरिक याने स्वतः क्रूस घेतला होता. चर्चच्या नियमाप्रमाणे क्रूस घेतलेल्याच्या मालमत्तेला हात लावता येत नाही. ज्या नियमावर पूर्ण मोहीम उभी होती, तोच पहिल्या मुक्कामावर मोडला.

दान्दोलोचा प्रस्ताव नेमका काय होता ते लिहितो, कारण "व्हेनिसने कर्ज माफ केलं" असं बऱ्याच ठिकाणी छापलेलं असतं. माफ केलं नव्हतं. झारा घ्यायला मदत करा, कर्ज पुढच्या लुटीतून फेडा, तोवर तगादा नाही, एवढंच होतं. २४ नोव्हेंबर १२०२ ला झारा शरण आलं. ३४,००० चं ओझं तसंच राहिलं.

पोप इनोसंट तिसरा याने आधीच पत्र पाठवून बजावलं होतं की ख्रिस्ती शहरावर चालून गेलात तर बहिष्कृत व्हाल. झाराच्या तटासमोर व्हो-द-सेर्नेचा मठाधिपती गी याने ते सगळ्यांसमोर सांगितलं. फ्रेंच सरदार सिमाँ द माँफोर आणि त्याची माणसं हल्ल्यात उतरली नाहीत आणि पुढे वेगळी निघून गेली. बाकीच्यांनी हल्ला केला, बहिष्कार ओढवला, मग फ्रेंचांनी माफी मागून तो उठवून घेतला. व्हेनिसकरांनी मागितलीच नाही. पोपची अडचण अशी की व्हेनिसकरांशी संबंध तोडा म्हणावं तर फौज झाराला अडकून विरघळणार. त्यांच्याच जहाजांनी पुढे जा म्हणावं तर बहिष्कृतांसोबत प्रवासाला परवानगी देणं आलं. त्याने दुसरं निवडलं.

याच हिवाळ्यात कॉन्स्टँटिनोपलचा परागंदा राजपुत्र अॅलेक्सिओस अँगेलोस याच्या वतीने निरोप आला. त्याचा बाप, सम्राट आयझॅक दुसरा, याला त्याच्या भावाने, अॅलेक्सिओस तिसऱ्याने, आंधळं करून पदच्युत केलं होतं. गादी मिळवून द्या, मी देतो: २,००,००० मार्क, इजिप्तच्या मोहिमेसाठी १०,००० माणसं, पवित्र भूमीत आयुष्यभर ५०० नाइटांचा खर्च, आणि ग्रीक चर्च रोमच्या अधीन.

३४,००० च्या कर्जात बुडालेल्या माणसासमोर २,००,००० ठेवले तर तो पुढचं काय ऐकणार? जहाजांची मुदत संपत आली होती, शिधा संपत आला होता. तरीही बऱ्याच जणांनी विरोध केला. होकाराच्या करारावर शपथ घेणारे फ्रेंच मोजकेच होते असं व्हिलार्दुअँ स्वतः मान्य करतो.

जुनं नाणं

बायझंटाइन बाजू लिहिल्याशिवाय हे पुरं होत नाही, कारण १२०४ ला शहर पडलं त्यात त्यांच्या दप्तराचाही वाटा आहे.

१०८२ मध्ये नॉर्मन स्वारीविरुद्ध आरमार हवं होतं म्हणून सम्राट अॅलेक्सिओस पहिला याने व्हेनिसला साम्राज्यात जकातमाफी दिली. त्या वेळी शहाणपणाची गोष्ट होती. पण शंभर वर्षं ती चालली, म्हणजे ग्रीक व्यापारी जकात भरतो आणि त्याच बंदरात व्हेनिसकर भरत नाही. ११७१ मध्ये सम्राट मॅन्युएलने एकाच दिवशी साम्राज्यभरचे व्हेनिसकर पकडून त्यांचा माल जप्त केला. ११८२ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या जमावाने लॅटिन (पश्चिम युरोपी कॅथलिक) वस्तीची कत्तल केली. त्यात मुख्यतः पिसा आणि जेनोआचे लोक मेले, व्हेनिसकर नव्हे. त्यामुळे "दान्दोलोने ११८२ चा सूड घेतला" हे म्हणणं टिकत नाही. शिवाय ११९८ मध्ये व्हेनिसला जुन्या सवलती परत मिळाल्या होत्या. त्यांना त्या शहरातून कमाई होत होती.

आरमाराची अवस्था तर वाईट होती. नौदलप्रमुख मायकेल स्ट्रिफ्नोस याने नांगर, दोर, शिडं, खिळेसुद्धा विकून खाल्ल्याचं त्याच काळचा ग्रीक इतिहासकार लिहितो. जून १२०३ मध्ये ताफा समोर येऊन ठाकला तेव्हा शहराकडे किडलेली वीसेक जहाजं होती. ज्या शहराला तीन बाजूंनी पाणी, त्याचं आरमार गेलं की तटबंदी अर्धीच उरते. जमिनीकडची थिओडोसिअसची भिंत तिहेरी: खंदक, बाहेरचा तट, आतला उंच तट. गोल्डन हॉर्न या खाडीच्या बाजूला मात्र एकेरी भिंत, कारण तिथे शत्रू पोचूच नये म्हणून खाडीच्या तोंडावर साखळी होती. ६ जुलै १२०३ ला गलाताचा बुरूज पडला, साखळी गेली, आणि व्हेनिसचा ताफा थेट एकेरी भिंतीसमोर आला. १७ जुलैला व्हेनिसकरांनी २५ बुरूज घेतले. सम्राट अॅलेक्सिओस तिसरा रात्रीत खजिन्यातलं सोनं घेऊन पळाला.

आयझॅक पुन्हा गादीवर आला आणि मुलगा अॅलेक्सिओस चौथा सहसम्राट झाला. आता २,००,००० द्यायचे होते. खजिन्यात होतं तेवढं दिलं. चर्चमधली भांडी, मूर्तिचित्रांवरचे चांदीचे पत्रे वितळवले. साधारण निम्म्यावर भरणा थांबला. त्या रकमेतूनच व्हेनिसचे ते ३४,००० फिटले, हे लक्षात ठेवा. म्हणजे मूळ कर्ज संपलं होतं, तरी फौज तिथेच होती, कारण आता अॅलेक्सिओसकडून यायची बाकी आणि ताफ्याची वाढवलेली मुदत, ही नवी गाठ पडली होती. जो सम्राट परक्यांसाठी देवाची चांदी वितळवतो त्याला शहर किती दिवस ठेवणार? ऑगस्टमध्ये लॅटिनांनी लावलेल्या आगीत शहराचा मोठा पट्टा जळाला होता. जानेवारी १२०४ अखेर अॅलेक्सिओस पाचवा, मुर्त्सुफ्लोस, याने गादी बळकावली आणि त्या मुलाला मारवलं. देणेकरी मेला, देणं बुडालं.

खलबत

पण व्हेनिसने इजिप्तच्या सुलतानाशी आतून करार करून मोहीम मुद्दाम वळवली, असं वाचलं होतं. अलेक्झांड्रियाचा मसाल्याचा व्यापार त्यांना सोडायचा नव्हता म्हणून.

तळटीप

तो आरोप जुना आहे. ज्या करारावर तो उभा होता त्याची तारीख पुढे तपासली गेली तेव्हा तो नंतरच्या काळातला ठरला. हेतू शक्य होता हे मान्य. मिरी आपल्या मलबार किनाऱ्यावरून एडन, तांबडा समुद्र, कैरो असं करत अलेक्झांड्रियाला येई आणि व्हेनिसकर ती तिथून उचलत. पण कारस्थान मानलं की एक साधा प्रश्न अडतो: कमी माणसं येणार हे व्हेनिसला १२०१ मध्ये कसं ठाऊक होतं? पूर्ण ३३,५०० माणसं आली असती तर ताफा थेट नाईलच्या मुखाशी गेला असता.

आणि इजिप्तची निवड फौजेच्या दृष्टीने बरोबर होती. पॅलेस्टाइनमधल्या ख्रिस्ती राज्याने अल-आदिल या मुस्लिम शासकाशी ११९८ पासून पाच वर्षं आठ महिन्यांचा तह केला होता, त्यामुळे पॅलेस्टाइनमध्ये लढाई उकरणं अवघड. शिवाय १२०० आणि १२०१ मध्ये नाईलला पूर कमी आला आणि इजिप्तमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. ही योजना नेत्यांनी साध्या सैनिकांपासून लपवली, कारण नवस जेरुसलेमचा होता. लिदोवर कमी माणसं येण्यामागे हेही एक कारण होतं.

डोलकाठी

एप्रिल १२०४ च्या हल्ल्याचं तंत्र थोडक्यात. ९ एप्रिलचा हल्ला फसला. वारा उलटा होता, जहाजं भिंतीला लागेनात. एक जहाज एका बुरुजाला भिडलं तरी बुरुजावरचे लोक संख्येने भारी पडत. १२ तारखेला दोन-दोन जहाजं एकत्र बांधली, म्हणजे एका बुरुजावर दोन्हीकडून माणसं सोडता येतील. डोलकाठ्यांपासून लाकडी पूल पुढे काढलेले, त्यांची टोकं बुरुजाच्या उंचीला. दुपारनंतर उत्तरेचा वारा सुटला आणि "पिलग्रिम" व "पॅराडाइज" या जोडीला त्याने बुरुजावर नेऊन टेकवलं. खाली दुसरीकडे काही जणांनी विटांनी बुजवलेला एक दिंडी दरवाजा पहारीने फोडला. आत पहिला शिरला तो एक पुरोहित होता.

दप्तरदार

लुटीचे नियम हल्ल्याआधीच, मार्च १२०४ मध्ये, कागदावर आले होते. लूट एकत्र करायची. अॅलेक्सिओसकडून यायची बाकी वसूल होईपर्यंत व्हेनिसला तीन हिस्से, फ्रेंचांना एक. नंतर निम्मे-निम्मे. नव्या सम्राटाला साम्राज्याचा चौथा हिस्सा, उरलेल्या तीन चतुर्थांशाचे दोन सारखे भाग. म्हणून व्हेनिसचा डोज पुढे स्वतःला रोमन साम्राज्याच्या "एक चतुर्थांश आणि अर्ध्या चतुर्थांशाचा" धनी म्हणवू लागला. अपूर्णांकाचा किताब इतिहासात दुसरीकडे सापडणं कठीण.

प्रत्यक्ष वाटप: नाइटला २० मार्क, घोडेस्वार शिपायाला आणि पुरोहिताला १०, पायदळाला ५. लूट लपवणाऱ्यांना फाशी होती. सँ-पोलच्या काउंटने आपल्याच एका नाइटला गळ्यात ढाल अडकवून फासावर दिलं. पायदळाच्या माणसाचं भाडं २ मार्क होतं. दोन वर्षं, दोन हिवाळे आणि एक पूर्ण शहर उद्ध्वस्त केल्यावर त्याच्या हाती आले ५.

तीन दिवस जे झालं ते आकड्यात मावत नाही. आया सोफिया या मुख्य चर्चची वेदी फोडून तुकडे वाटले. ज्या स्त्रियांवर बलात्कार झाले त्यांत मठातल्या जोगिणीही होत्या. प्राचीन ग्रीक ब्राँझचे पुतळे, ज्यांनी हजार वर्षं पाहिली होती, ते वितळवून तांब्याची नाणी पाडली. हिप्पोड्रोमवरचे (रथशर्यतींच्या मैदानावरचे) चार घोड्यांचे पुतळे मात्र व्हेनिसला गेले म्हणून आज शाबूत आहेत.

आणि तळटीप, तुमच्या नवसाच्या मुद्द्याला जोडून: पोपच्या प्रतिनिधीने नंतर जाहीर केलं की जो मार्च १२०५ पर्यंत कॉन्स्टँटिनोपलच्या रक्षणाला थांबेल त्याचा जेरुसलेमचा नवस फिटला. आधी विजयाने आनंदलेला इनोसंट, लुटीचा तपशील आणि ही सूट कळल्यावर संतापला. ग्रीक आता लॅटिनांना कुत्र्यांपेक्षा हीन का मानणार नाहीत, अशा अर्थाचं पत्र त्याने लिहिलं. पण सूट मिळून गेली होती.

जुनं नाणं

परिणामांबद्दल. फ्लँडर्सचा बाल्डविन मे १२०४ मध्ये सम्राट झाला, एप्रिल १२०५ मध्ये एड्रियानोपलला बल्गेरियाच्या कालोयानने त्याला कैद केलं आणि तो परत आला नाही. लॅटिन साम्राज्य १२६१ पर्यंत रेटत राहिलं, कायम कफल्लक. शेवटच्या सम्राटाच्या काळात ख्रिस्ताचा काटेरी मुकुटही गहाण पडला. तो फ्रान्सच्या लुई नवव्याने सोडवून घेतला आणि त्यासाठी पॅरिसमध्ये सँत-शापेल हे प्रार्थनामंदिर बांधलं. व्हेनिसने जमिनीपेक्षा बंदरं निवडली: मोदोन, कोरोन आणि बोनिफाचेकडून १,००० मार्कांना विकत घेतलेलं क्रीट. क्रीट १६६९ पर्यंत त्यांच्याकडे होतं.

"१२०४ मुळे १४५३ झालं" असं सरळ म्हणणं मला पटत नाही, मध्ये अडीचशे वर्षं आहेत. पण १२६१ मध्ये जे साम्राज्य परत मिळालं त्याच्याकडे बेटं, आरमार आणि जकात यातलं फारसं काही उरलं नव्हतं. आणि १२७४ ला ल्याँ, १४३९ ला फ्लॉरेन्स, असे चर्च एक करण्याचे दोन्ही ठराव सामान्य ग्रीकांनी झिडकारले. वरच्या लोकांनी सह्या केल्या, खालच्यांच्या आठवणीत १२०४ होतं.

तळटीप

परिणामांत एक भर, जो कमी बोलला जातो: कर. ११८८ मध्ये इंग्लंड-फ्रान्समध्ये "सलाउद्दीन दशमांश" लागला, उत्पन्न आणि जंगम मालमत्तेचा दहावा हिस्सा. ११९९ मध्ये इनोसंटने याच चौथ्या क्रुसेडसाठी पाद्र्यांच्या उत्पन्नावर चाळिसावा हिस्सा बसवला. १२१५ मध्ये तो विसावा झाला. उत्पन्न जाहीर करा, मोजा, टक्क्याने भरा, ही सवय युरोपातल्या राजांना इथून लागली. १२१३ पासून नवस पैशात फेडण्याची सोय झाली: म्हातारा, आजारी, कोणीही क्रूस घ्यावा आणि जाण्याऐवजी रक्कम भरून मोकळं व्हावं. १२०२ ची अडचण चर्चने अशी सोडवली, माणसं न मोजता पैसे मोजून. आणि १२०९ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या बेझिएवर क्रुसेड गेलं तेव्हा समोर ख्रिस्तीच होते. त्या फौजेचा पुढे नेता झालेला सिमाँ द माँफोर म्हणजे झाराच्या तटासमोर ख्रिस्ती शहरावर शस्त्र न उचलणारा तोच.

व्युत्पत्ती

मराठीशी एक खरा धागा आहे. अरबी बखरकार या लोकांना धर्मावरून नव्हे, वंशावरून ओळखत: "इफ्रंज", म्हणजे फ्रँक. "सलीबी युद्धं" (सलीब म्हणजे क्रूस) हा अरबी शब्द फार पुढचा, १९ व्या शतकातला. तोच "इफ्रंज" फारसीत "फरंग", आणि दख्खनमध्ये आला "फिरंगी". गोव्याच्या पोर्तुगिजांना शिवकालीन पत्रांत फिरंगी म्हटलंय, युरोपी पात्याची सरळ तलवार ती फिरंग, आणि १६ व्या शतकातल्या भावप्रकाशात पोर्तुगिजांबरोबर आलेला रोग तो फिरंगरोग. शिवाय टेम्पलरांचा, म्हणजे क्रुसेडमधल्या लढवय्या साधूंचा, संघ बंद झाल्यावर पोर्तुगालच्या राजाने १३१९ मध्ये त्यांच्या मालमत्तेवर "ऑर्डर ऑफ क्राइस्ट" उभा केला. पुढे याच संघाचा पैसा आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या सफरींना लागला आणि त्याचा क्रूस पोर्तुगीज शिडांवर आला.

नवा वाचक

सगळ्यांचे आभार. शेवटची शंका: चर्चने याबद्दल कधी काही म्हटलं का?

जुनं नाणं

हो. २००१ मध्ये अथेन्सला पोप जॉन पॉल दुसरा यांनी कॉन्स्टँटिनोपलच्या लुटीचा नाव घेऊन उल्लेख करून खेद व्यक्त केला. नोव्हेंबर २००४ मध्ये संत ग्रेगरी आणि संत जॉन क्रिसोस्तोम यांचे अवशेष रोमहून इस्तंबूलच्या पॅट्रिआर्ककडे (ग्रीक चर्चच्या धर्मप्रमुखाकडे) परत दिले. चार घोडे व्हेनिसमध्येच आहेत, बॅसिलिकाच्या आत. बाहेर दिसतात त्या प्रती.